वर अंधार नको : लातूरच्या एका हॉलमधला कावेचा रंग

गडद मातकट रंगाची मागणी करणारी घरं अलीकडे माझ्याकडे बरीच येतात. लातुरात मी घरांच्या आतल्या रंगाचं आणि दिव्यांचं काम करते. त्यातलं हे एक काम घरच्यांना विचारून, नावं न घालता मांडते आहे. रंग चांगला निवडला होता, पेंटर हाताचा पक्का होता, पैशाची ओढाताण नव्हती. तरी तीन आठवड्यांत एक अख्खी भिंत प्लास्टरपर्यंत खरवडावी लागली. ती का, हे असा रंग लावू पाहणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या कामी यावं.

घर आरसीसीचं, २००९ साली बांधलेलं, स्वतंत्र. माणसं पाच : नवरा-बायको, दोन मुलं आणि नवऱ्याची आई, वय शहात्तर. हॉल सोळा बाय बारा, उंची दहा फूट. पश्चिमेला मोठी खिडकी. दक्षिणेच्या भिंतीमागे बाथरूम. उत्तरेच्या भिंतीत आजींच्या खोलीचं दार. आजी पलंगावर आडव्या झाल्या की त्या दारातून समोर दिसते ती हॉलची दक्षिणेकडची भिंत. हे सगळं मी पहिल्याच दिवशी कागदावर काढलं होतं. त्या नजरेच्या रेषेचा अर्थ मात्र रंग वाळल्यावर कळला.

पहिली बैठक रंगाला नाव देण्यातच गेली. दादा ‘चॉकलेटी’ म्हणत होते, वहिनी ‘विटकरी’ म्हणत होत्या आणि दोघांच्या मनात बहुधा एकच रंग होता. आपल्याकडे या कुळातल्या रंगांना शब्द भरपूर आहेत आणि ते नेमके आहेत. विटकरी म्हणजे तांबडा वरचढ, ऊन पडलं की नारिंगीकडे सरकणारा. कथ्थई कातासारखा, लालात काळा मुरलेला, दिवेलागणीला जवळजवळ काळाच दिसणारा. तपकिरी कोरडा, पिवळसर झाक असलेला. मातकट सगळ्यांत फसवा, कारण त्यात करडा लपलेला असतो आणि चुकीच्या दिव्याखाली तो वर येतो. गिऱ्हाईक यातला कुठला शब्द वापरतं ते मी ऐकून घेते, पण त्यावर विसंबत नाही. त्या रंगाची घरातली किंवा पाहिलेली एखादी वस्तू सांगा, असं म्हणते.

वहिनी शाळेत शिक्षिका. त्यांनी तेरचं नाव घेतलं. मुलांची सहल घेऊन त्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गेल्या होत्या. तेर म्हणजे जुनं तगर, सातवाहनकाळातली मोठी बाजारपेठ. तिथल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात भाजक्या मातीच्या मूर्ती आणि भांडी आहेत. “त्या बाहुल्यांच्या गालाचा रंग,” त्या म्हणाल्या, “पण अजून थोडा जळलेला.” इतकं स्वच्छ सांगणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. माझ्या डोळ्यांसमोर लगेच काव आली, भिंतींना लावायची तांबडी माती.

काव, गेरू, वीट, तेरच्या बाहुल्या, सगळ्यांत रंग लोखंडाचाच. पिवळी माती भाजली की तिच्यातलं पाणी उडून ती तांबडी होते, म्हणून भट्टीत गेलेली पिवळसर वीट लाल होऊन बाहेर येते. मराठवाड्यात घाट कापून रस्ता काढलेला असतो तिथे काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये कधी कधी विटेसारखा तांबडा पट्टा दिसतो, तोही हाच. अजिंठ्याच्या लेण्यांत मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन जे रंग भरले त्यांत तांबडा आणि पिवळा गेरूच आहे, आणि दीड हजार वर्षांनंतरही तो बोलतो आहे. लोखंडाचा रंग उन्हाने उडत नाही आणि चुन्या-सिमेंटच्या क्षाराने मरत नाही. म्हणून गडद उबदार रंग हवा असेल तर दुकानात मी आधी विचारते : यात कोणता स्टेनर, म्हणजे छटा आणणारं रंगद्रव्य, किती आहे? लाल ऑक्साइड आणि पिवळ्या ऑक्साइडवर छटा बसत असेल तर मी निर्धास्त असते. झगझगीत नारिंगी किंवा लाल सेंद्रिय स्टेनर घालून आणलेला ‘टेराकोटा’ नव्या प्लास्टरवर आणि पश्चिमेच्या उन्हात कधी फिका पडेल, भरवसा नाही.

आम्ही निवडलेल्या छटेचा प्रकाश परतवण्याचा आकडा ११ होता. पूर्ण काळ्याला ०, पूर्ण पांढऱ्याला १०० धरून हा आकडा देतात. आधीच्या मोतिया भिंती ८० च्या आसपास असतील. म्हणजे भिंतीवर पडलेल्या उजेडातला पूर्वी बहुतेक भाग खोलीत परत यायचा, आता नवव्या हिश्श्याएवढा येणार. हे मी दादांना सांगितलं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न लातूरच्या माणसाचाच होता : “मग उन्हाळ्यात खोली तापणार का?” नाही तापणार. आपल्या घरात उष्णता उतरते ती स्लॅबमधून आणि पश्चिमेच्या भिंतीतून. आतून भिंत कुठल्या रंगाची आहे याने फारसा फरक पडत नाही. हाच रंग बाहेरून किंवा गच्चीवर दिला असता तर मी हात जोडले असते. गच्चीला चुना किंवा पांढरा उष्णतारोधक रंग, हॉलला हवा तो गडद, असं ठरलं.

खरी अडचण दिव्यांची होती. हॉलमध्ये दोन पांढऱ्या ट्यूब होत्या, ६५०० केल्व्हिनच्या. आपल्याकडे पांढरा लख्ख उजेड म्हणजे चांगला उजेड, अशी पक्की समजूत आहे. त्या निळसर उजेडात लाल कमी असतो. लाल नसलेल्या उजेडात तांबड्या भिंतीने परतवायचं तरी काय? मग भिंत राखेसारखी, जांभळट दिसते आणि लोक रंगाला दोष देतात. मी दोन बाय दोन फुटांच्या चार प्लायवुड तुकड्यांना दोन-दोन हात देऊन ते चारही भिंतींना टेकवून ठेवले. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ, असं तीन दिवस घरच्यांनी ते पाहिले. नमुना थेट भिंतीवर लावून पाहू नये, कारण भोवतीच्या मोतिया रंगामुळे तो आहे त्यापेक्षा काळा वाटतो आणि माणूस घाबरून एक पायरी फिकी छटा घेतो. ओला रंग बघूनही ठरवू नये. इमल्शन वाळल्यावर गडद होतं.

रात्री नऊला ट्यूबखाली चारही तुकडे मेलेले दिसले. मी एक ३००० केल्व्हिनचा, पिवळसर उजेडाचा बल्ब आणला होता, रंग नीट दाखवणारा, सीआरआय ९० चा. तो टेबललॅम्पमध्ये लावून तुकड्याच्या खालून वर धरला. वहिनी नुसत्या “हां” म्हणाल्या. देवघरातली पितळेची समई आणून त्या तुकड्यासमोर ठेवली तेव्हा दादांचंही काम झालं. मोतिया भिंतीपुढे जी समई वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती, तिच्या कडा आता सोन्याच्या रेघेसारख्या उभ्या राहिल्या. गडद मातीच्या रंगाचं मोठं देणं हेच आहे. तो स्वतः मागे सरतो आणि पितळ, तांबं, सागवान, घोंगडी, माणसाचा चेहरा पुढे आणतो. दोन्ही ट्यूब काढायच्या, त्यांच्या जागी पाच लहान उबदार दिवे, वेगवेगळ्या उंचीवर. अभ्यासाला आणि सुईदोऱ्याला एक स्वतंत्र तेज दिवा. छताला पांढराशुभ्र रंग नको, कारण गडद भिंतींवर तो डब्याच्या झाकणासारखा दिसतो. पिवळ्या ऑक्साइडचा थेंब टाकलेला सायीसारखा पांढरा घ्यायचा.

पाडव्यानंतर काम सुरू केलं. अक्षय्य तृतीयेच्या आत संपवायचं होतं. पेंटरमामा माझ्याबरोबर दहा वर्षं आहेत. ते म्हणाले, “ताई, डार्कला तीन हात धरा.” बरोबरच होतं. फिकट रंगांच्या डब्यात टायटॅनियमचा पांढरा भरपूर असतो, तोच खालचं झाकतो. गडद छटांच्या बेसमध्ये तो फार कमी असतो. लोखंडी लाल स्वतः बऱ्यापैकी झाकतो, पण त्यात पिवळी झाक आणली की खालची पुट्टी डोकावते. म्हणून प्रायमरमध्येच थोडा लाल ऑक्साइड घालून तो गुलाबीसर करून घेतला. भिंती दारं-खिडक्या वगळून सुमारे ४७० चौरस फूट. लिटरला दोन हातांत १३० ते १४० चौरस फूट होतात या हिशेबाने साडेतीन लिटर, तिसरा हात धरून सव्वापाच. सहा लिटर आणला आणि सगळे डबे आधी एका बादलीत एकत्र केले. मशीनवर मिसळलेल्या दोन डब्यांत किंचित फरक राहतो. पांढऱ्यात तो दिसत नाही, कावेत अर्ध्या भिंतीवरून ओरडतो.

एप्रिलचं कोरडं ऊन हा गडद रंगाचा शत्रू आहे. रोलरचा एक पट्टा मारून दुसऱ्याला येईपर्यंत पहिल्याची कड वाळते, आणि जिथे ओला रंग वाळलेल्यावर चढतो तिथे उभी रेघ राहते. आम्ही सकाळी सहाला सुरू करून दहाला थांबायचो, पंखा बंद, पश्चिमेची खिडकी लावलेली. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक भिंत एका दमात, मध्ये चहा नाही. पुट्टी घासताना दिवा भिंतीला चिकटवून आडवा धरला, कारण संध्याकाळचं तिरपं ऊन त्या भिंतींवर पत्ऱ्याच्या लाटा दाखवणारच होतं. चकाकी अगदी मंद ठेवली. पूर्ण मॅटवर मुलांच्या हाताचे आणि खुर्चीच्या पाठीचे पांढरट ओरखडे उठतात, चकचकीत घेतलं तर लाटा उघड्या पडतात.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात हॉल तयार झाला. सुरेख झाला होता, हे मी आजही म्हणते.

दहाव्या दिवशी वहिनींचा फोन आला. दक्षिणेच्या भिंतीवर खालपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत पांढरी भुकटी फुटली होती. खार. बोटाने पुसली की जायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. मोतिया भिंतीवर हा खार वर्षानुवर्षं फुटत असणार, पांढऱ्यावर पांढरा कुणाला दिसणार? कावेवर तो मीठ सांडल्यासारखा दिसला.

चूक माझी होती. भिंतीत ओल आहे का, हे पाहायला मी फूटभर प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवते; भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर ओल. ते मी पश्चिमेच्या भिंतीवर केलं, कारण पावसाची झड तिकडून येते. बाथरूमच्या भिंतीला केलं नाही. चौकशी केल्यावर कळलं की त्या भिंतीचं प्लास्टर २०१६ च्या उन्हाळ्यात पाइप बदलताना नव्याने केलेलं होतं. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. प्लास्टरवर मारायला पाणी कुठून असणार? बोअरच्या तळाचं, खारट, तेही मोजकं. ते क्षार भिंतीत बसून राहिले, त्यातच बाथरूमच्या फरशीच्या सांध्यातून हळूहळू ओल येत राहिली आणि ओलीबरोबर क्षार बाहेर. खार दिसला की लोक भिंत धुऊन काढतात. ते करू नये, क्षार पाण्यात विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशने झाडून भुकटी सुपलीत गोळा करून बाहेर टाकायची. आधी ओलीचं मूळ बंद करायचं, मग भिंत वाळू द्यायची. इथपर्यंत हे नेहमीचं काम होतं. फरशीचे सांधे भरून घ्या, महिनाभर थांबू, क्षाररोधक प्रायमर देऊन पुन्हा तोच रंग देऊ, असं मी म्हणाले.

तेव्हा वहिनींनी मला आत बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं की रंग झाल्यापासून आई रात्री झोपत नाहीत. खोलीचं दार लावून घेतात, मग गुदमरतं म्हणून उघडतात, मग उठून गच्चीवर जातात.

आजी औसा तालुक्यातल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा त्या गावातल्या घरी होत्या. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, लोक थकून गाढ झोपलेले. दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी खणांवर मातीचं जड, सपाट छत, म्हणजे माळवद. त्या मातीखाली त्यांची जाऊ आणि जावेची दोन लेकरं गेली. तीस वर्षं उलटली तरी त्यांना पहाटे पावणेचारला जाग येते. आजवर जाग आल्यावर दारातून समोर मोतिया भिंत दिसायची. आता अंधार दिसत होता.

मी त्यांच्याजवळ पलंगावर बसले. काय विचारावं सुचेना. त्याच म्हणाल्या, “आमी मातीतून बाहीर निघालोत, माय. आता मातीच घरात कशाला आनायलाव?”

रंग बदलून टाकू, आजच, असं मी म्हणाले. दादा-वहिनीही दारात उभे होते, तेही हो म्हणाले. आजींनी मान हलवली. लेकाने एवढा खर्च केला, सुनेला आवडलाय, त्यांना तो पुसायचा नव्हता. बराच वेळ आजी त्या भिंतीकडे पाहत राहिल्या. मग हात वर करून छताजवळची जागा दाखवली. “वरी अंधार हाय ना, तितं. त्यानं माळवद खाली आल्यावानी वाटतंय. खाली असूद्या. खाली आमी सोताच लावायचो की काव, दसऱ्याला.”

इतकी वर्षं हे काम करते, पण गडद रंग भिंतीवर कुठे थांबावा याचं इतकं नेमकं कारण मला कुणी दिलं नव्हतं. पुस्तकी भाषेत आम्ही म्हणतो की गडद वरचा भाग छत खाली ओढतो. आजींनी ते छत खाली आलेलं पाहिलं होतं.

मग मी त्यांना विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. दसऱ्याच्या आधी घर झाडायचं, सारवायचं, भिंतीला चुना. चुन्यात नीळ आणि डिंकाचं पाणी, म्हणजे तो अंगाला लागत नाही. खाली कमरेएवढा कावेचा पट्टा. काव रात्रभर भिजवायची, वस्त्रगाळ करायची, तिलाही डिंक. पट्टा आणि चुना जिथे भेटतात तिथे काजळीची बोटभर रेघ, ती सासू ओढायची, कारण तिचा हात थरथरत नसे. बोलता बोलता त्यांनी हवेत ती रेघ ओढून दाखवली.

गंमत अशी की खार फुटलेल्या भिंतीला नेमकं हेच औषध लागत होतं. इमल्शन भिंतीचं तोंड बंद करतं, आत राहिलेले क्षार त्याला फोड आणून पोपडे काढतात. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. उरलासुरला खार बाहेर आला तर झाडून टाकायचा आणि वर्षाने पुन्हा एक हात द्यायचा. फक्त चुना इमल्शनवर धरत नाही, पुट्टीवरही नीट धरत नाही, त्याला उघडं प्लास्टर लागतं. म्हणून ती अख्खी भिंत पेंटरमामा आणि त्यांच्या पोराने चार दिवस खरवडली. धूळ घरभर झाली. फरशीचे सांधे भरले, भिंत महिनाभर तशीच उघडी ठेवली, मधूनमधून प्लास्टिकचा चौकोन लावून पाहिला. तिसऱ्या वेळी तो कोरडा निघाला.

मृगाच्या आधी भिंत लागली. भिजवून ठेवलेल्या चुन्याचे तीन पातळ हात, आडवा, उभा, पुन्हा आडवा. चुना ओला असताना पाण्यासारखा दिसतो, म्हणून नवखा माणूस जाड थापतो आणि मग तो तडकतो. धीर धरला तर वाळताना आपोआप पांढरा होत जातो. खाली सव्वातीन फुटांचा कावेचा पट्टा. ही उंची मी मोजून काढलेली नाही, आजी भिंतीला लागून उभ्या राहिल्या आणि मामांनी त्यांच्या कमरेशी पेन्सिलची खूण केली. काव चुन्यात मिसळली असती तर गुलाबी झाली असती, म्हणून नुसत्या डिंकाच्या पाण्यात कालवली. तिची छटा इतर तीन भिंतींच्या इमल्शनशी तंतोतंत जुळली नाही, थोडी कोरडी आणि जास्त तांबडी आली. मला ती जास्त आवडते. मधली काळी रेघ ओढायला मामांनी टेप काढला, पण आजींनी सुनेच्या हातात ब्रश दिला. रेघ दोन ठिकाणी वाकडी आहे.

आजींच्या दारासमोर आता वरचा सगळा भाग पांढरा आहे, आणि पट्ट्याच्या वर एक तीन वॅटचा दिवा रात्रभर जळतो, उजेड वर छताकडे टाकून. पावणेचारला जाग त्यांना अजून येते. गच्चीवर जाणं थांबलं आहे, असं वहिनी सांगतात. बाकीच्या तीन भिंती पूर्ण गडद ठेवल्या आणि संध्याकाळी त्या खोलीत बसायला शेजारपाजारचे लोक येतात.

या भिंतीचा एक त्रास आहे, तो मी आधीच सांगितला होता आणि घरच्यांनी पत्करला. डिंकातली काव कितीही केली तरी थोडी उतरते. धाकट्याच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर पहिल्याच आठवड्यात तांबडा डाग आला. इमल्शनच्या डब्यातला उरलेला रंग मी काचेच्या बरणीत भरून, वर स्टेनरचं प्रमाण आणि तारीख लिहून माळ्यावर ठेवायला दिला. वर्ष-दोन वर्षांत खुर्चीचे ओरखडे भरायला लागेलच. आणि पावसाळ्यात दर आठवड्याला दक्षिणेच्या भिंतीचा खालचा वीतभर भाग बघत जा, असं बजावलं.

काम संपवून निघाले त्या दिवशी आजी पट्ट्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी तळवा भिंतीवर दाबून फिरवला आणि उलटा करून बघितला. रेषांमध्ये काव भरली होती. “लागतंय हाताला,” त्या म्हणाल्या, आणि तो हात त्यांनी पदराला पुसला नाही, तसाच धरून आत गेल्या.